महाराजांचा पुढचा शब्द

महाराजांना एकही ऑपेरा धड पाठ नव्हता. ज्यांच्या टेनर, म्हणजे पुरुषाच्या उंच पट्टीतल्या, आवाजासाठी जगभर लोक तासन्‌तास रांगा लावत, त्यांना पुढची ओळ आठवत नसे. हे सांगताना मला आजही गुदगुल्या होतात, लपवू कशाला? ‘महाराज’ हे नाव माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या आमच्या घरात ठेवलेलं. न्यूयॉर्कच्या थिएटरात सगळे त्यांना मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणत.

मी त्यांची प्रॉम्प्टर होते. आपल्या नाटकात प्रॉम्प्टर विंगेत असतो. ऑपेरात तो रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीत बसवलेल्या खोक्यात बसतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही. गायकाची ओळ सुरू व्हायच्या क्षणभर आधी त्याला तिचा पहिला शब्द द्यायचा. महाराजांना तो प्रत्येक ओळीला लागे. प्रेमाच्या आणाभाका घेताना ते नायिकेकडे न बघता माझ्या ओठांकडे बघत, आणि समीक्षक लिहीत, काय ती झुकलेली, लाजरी नजर!

मुलाखतीत ते आधी वडिलांचं न्हाव्याचं दुकान सांगत, मग चर्चमधलं गाणं, मग लहान वयात जिंकलेली स्पर्धा. ते सगळं खरं होतं. शेवटी मात्र ठरलेलं वाक्य येई, “शब्द माझ्या रक्तात आहेत. प्रॉम्प्टर दुबळ्यांना लागतो.” आणि मुलाखत आटोपली की माझ्या खोलीत डोकावून म्हणत, “आज जरा लवकर दे हं.”

दुसऱ्याचं कौतुक त्यांना सोसत नसे. एका नव्या मुलीने त्यांच्यापेक्षा लांब स्वर धरला, तर पुढच्या प्रयोगाला त्यांनी तिला पाठमोरं उभं राहायला लावलं. ती मेकअपच्या खुर्चीत रडत होती आणि हे शेजारी बसून सूप कोमट आहे म्हणून ओरडत होते. आवाज मात्र अस्सल होता. तेवढं नाइलाजाने कबूल करते.

एका प्रयोगात महाराज पहिल्या रांगेतल्या कुणा ओळखीच्या बाईकडे बघून हसत राहिले. मी शब्द दिला, पुन्हा दिला. ऑर्केस्ट्रा पुढे निघून गेला. तेव्हा त्यांनी भर रंगमंचावर माझ्या खोक्याकडे बोट दाखवून हात पसरले. प्रेक्षक हसले.

मॅनेजरच्या खोलीत ते म्हणाले, “तिने उशीर केला.” ऑर्केस्ट्राचा कंडक्टर बुटांकडे बघत राहिला.

“मायेस्त्रो, खरं सांगा. माझी नोकरी जाईल.”

“नोकऱ्या मिळतात,” ते म्हणाले. “असा आवाज मिळत नाही.”

“कंप्लेंट फाइल कर ना यार!” मिलिंद घरी संतापला. “कुणीतरी ऐकलं असेलच ना!” ऐकलं सगळ्यांनीच होतं, बोललं कुणीच नाही. पुढच्या सीझनचं काम मला मिळालं नाही. उशीर करणारी प्रॉम्प्टर म्हणून नाव झालं, मग दुसरीकडूनही कुणी बोलावेना. शेवटी मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरला विद्यापीठात शिकवायला लागले. त्या माणसाचा मला मनापासून राग आहे, आणि तो कमी व्हावा असंही वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या निरोपाच्या दौऱ्यातला एक कार्यक्रम आमच्या गावात झाला. मैफलच ती, त्यामुळे खोकं नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत होते. शेवटच्या गाण्यात ते मध्येच थांबले आणि रंगमंचाच्या कडेला खाली बघू लागले. तिथे नुसती फुलं होती. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मला तो शब्द माहीत होता. मी तोंड उघडलं नाही, आणि मला बरं वाटलं.

नंतर एका विद्यार्थिनीने हट्टाने मला भेटीच्या रांगेत नेलं. महाराजांनी माझा हात धरला तो सोडेनात.

“तू कुठे होतीस?” ते हळूच म्हणाले.

“तुम्हीच काढलंत मला, मायेस्त्रो. त्या दिवशी मी उशीर केला नव्हता.”

ते तोंड अर्धवट उघडं ठेवून माझ्या ओठांकडे बघत राहिले. हात सवयीचे गुलाम असतात तसे ओठही असतात. मी आवाज न करता त्यांना पुढचा शब्द दिला: सॉरी.

तेवढा एक त्यांनी उचलला नाही.