दादाची गॅरंटी

रिपेअरिंगच्या दुकानात धूळ आणि किस्से रोज साचतात. धूळ पुसता तरी येते. आमच्या लालबागच्या दुकानातले किस्से सगळे संदीपदादाचे. माझा मोठा भाऊ. श्रावणात गेला. दुकान आता मी चालवतो.

दादा लोकांच्या जुन्या कॅसेटवरची भजनं, गाणी घरीच डिस्कवर उतरवून द्यायचा. गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "घरची डिस्क आहे, प्लेअर बिघडणार नाही ना?"

दादा म्हणायचा, "डिस्क बिचारी नुसती फिरते. उपद्व्याप आपण करतो!"

म्हणून तो प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात गॅरंटी भरायचा. असला मेकॅनिक अख्ख्या परळ-लालबागमध्ये दाखवा!

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या परबकाकू तणतणत आल्या. "मेल्या, तुझ्या डिस्कान माझो प्लेअर मारल्यान!"

दादाने प्लेअर खोलला. आत लेन्स लालभडक. काकूंनी शस्त्रपूजेत प्लेअरची पूजा केली होती. डिस्कलाही हळदकुंकू लावून तशीच आत सरकवली होती!

दादा म्हणाला, "काकू, लेन्सचं लग्न लावलंत होय?"

पुसल्यावर प्लेअर वाजला. डिस्कही तीच.

*

एका नवरदेवाने लग्नाच्या डिस्कवर बायकोचा फोटो चिकटवला. गाडी उन्हात तापली, फोटो सुटला, डिस्क गाडीच्या प्लेअरमध्ये गच्च.

"भाऊ, काहीही करा, पण बायकोला ओरखडा नको!"

दादाने चिमट्याने हळूहळू डिस्क सोडवली. ओरखडा नाही! मग म्हणाला, "नाव मार्करने लिही. बायको भिंतीवर लाव."

*

आमच्या मिलिंद कांबळेने चौदा एप्रिलसाठी भीमगीतांची डिस्क स्वतःच बनवली. चाळीतल्या एकाही प्लेअरवर वाजेना. पोरं मिलिंदच्या नावाने ओरडायला लागली.

दादाने ती कॉम्प्युटरला लावली आणि हसायलाच लागला. "अरे, गाणी भरल्यावर डिस्क फायनलाइज, म्हणजे बंद, कोण करणार? भांड्यावर झाकण नाही आणि दोष प्लेअरला!"

त्याने झाकण लावलं, डिस्क वाजली. त्या दिवशी मिरवणुकीत मिलिंदपेक्षा दादाच जास्त नाचला.

*

फक्त तावडेकाका कधी बधले नाहीत. वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या मुलाने दुबईहून आणलेला प्लेअर, त्याच्यावर कायम टॉवेल. दादाने त्यांच्याच भजनी मंडळाची डिस्क करून दिली, तरी म्हणाले, "घरगुती माल माझ्या प्लेअरला चालणार नाही."

"काका, सेफ आहे. एकदा लावून तर बघा."

"मी मेल्यावर लाव!"

दादा हसला. "बघू, कोण आधी लावतं!"

*

दादाच्या तेराव्याला घर भरलेलं. कोणीतरी पुटपुटलं, "त्या घरच्या डिस्कनी प्लेअर खराब होतात, काहीही म्हणा." माझं डोकंच फिरलं. हातातलं ताट आपटून मी उठलो. दादाच्या घरात, दादाच्या शब्दावर शंका?

तेवढ्यात दारात तावडेकाका. कडेवर पोर घ्यावं तसा टॉवेलातला प्लेअर घेऊन. दादाच्या फोटोसमोर प्लेअर ठेवला, माझ्याकडून वायर लावून घेतली, खिशातून तीच डिस्क काढली आणि स्वतःच्या हाताने आत घातली.

"नमस्कार. ही डिस्क एकदम सेफ आहे. काही झालंच तर दुकानात या, मी आहे."

दादाचा आवाज! मग भजनाचा पहिला टाळ वाजला.

काकांनी बटण दाबलं आणि डिस्क पुन्हा पहिल्यापासून लावली.