बोथट टूलाची परीक्षा

पोलादाची नवी सळई आली की मेश्राममिस्त्री ती कातायला लेथवर मुद्दाम झिजलेलं टूल लावायचे. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला, राइस मिलचे सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हे करताना. माझं डोकंच फिरलं. आमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं खपून बनवलेलं पोलाद ते, आणि हे गृहस्थ बोथट टूलानं त्याची परीक्षा घेणार!

पोलादात थोडं शिसं घातलं की ते लेथवर सहज कापलं जातं; कीस बारीक तुटून पडतो, पार्ट गुळगुळीत निघतो. पण शिशाचा धूर भट्टीवरच्या माणसांच्या अंगात जातो. म्हणून शिसं न घालता तसंच पोलाद बनवायचं, हे माझं काम. प्रयोगशाळेत ते जमलंही होतं; आता आमच्या कंपनीला खऱ्या वर्कशॉपमधला, मिस्त्रींचा निकाल हवा होता. मिस्त्रींच्या लेथवर मात्र कीस तुटेचना. त्याची लांबच लांब वेटोळी टूलाभोवती गुंडाळली गेली.

"नवं टूल लावून तर पाहा," मी चिडून म्हणालो.

"कायले लावू? नव्या टूलानं काहीबी कटते, साहेब. सकाळी लावलेलं टूल इथं सांजवरी चालते. चार वाजता पार्ट कसा निघते, थे पाहा ना."

पुढचं वर्षभर मी सळया नेत राहिलो आणि ते नेमानं नापास करत राहिले. नापास केलं की डब्यातला अर्धा भात माझ्यापुढे सरकवायचे. त्याआधी दोनदा हात धुवायला लावायचे. "डोळ्याले दिसत नाही, थेच पोटात जाते," म्हणायचे.

एकदा मी अक्षरशः हातापाया पडलो. कंपनीनं शेवटची संधी दिली होती. मिस्त्रींनी पास केलं नाही तर काम बंद, पुन्हा शिसंच. "मिस्त्रीजी, एवढ्या वेळी हो म्हणा. पुढे सुधारतो मी."

त्यांनी लेथ बंद केला. "मी म्हणीन हो. पण सळई हो म्हणून राहिली का? लोकं दोन दिवस वापरतीन अन् पुन्हा शिशाचंच मांगतीन. मंग तुमच्या भट्टीवरच्या माणसायनं काय कराचं?"

मी निरोपही न घेता निघालो. पण अहवालात 'नापास' असंच लिहिलं आणि झिजल्या टूलाची गोष्ट सांगून आणखी तीन महिने मागितले. ते कसेबसे मिळाले.

त्या मुदतीतली शेवटची सळई त्यांनी लावली, तेव्हा कीस तांदळाच्या कणीसारखा तुटून खाली पडू लागला. मी 'पास' ऐकायला आतुर झालेलो. मिस्त्री बाजूला सरकले.

"आता तुमी चालवा."

"मी? मी लेथ कधी चालवलेला नाही!"

"म्हणूनच. माह्या हाताले सवय आहे, मी सांभाळून घेतो. सळईनं सांभाळलं पाहिजे."

ते शेजारी उभे राहून सांगत गेले, आणि त्याच बोथट टूलानं मी एक पिन कातली. कीस तुटत राहिला. मिस्त्रींनी पिन मापून पाहिली.

"पार्ट बेकार बनवला तुमी," ते म्हणाले. "सळई पास."

मला तिथेच रडू फुटलं.

मिस्त्रींना जाऊन आता दोन वर्षं होतील. तेव्हा त्यांनी माझ्यावर दया केली असती, तर आमच्या भट्टीत अजून शिसं वितळत असतं.