मूकपटातला दारुडा आणि माझा दादा

मी शिकवते त्या शाळेतल्या मुलांना जुने मूकपट दाखवायचं ठरवलं होतं. त्यासाठी एका रविवारी दुपारी वलवणच्या माझ्या घरी अगदी सुरुवातीच्या काळातला एक परदेशी चित्रपट लॅपटॉपवर बघत होते. शेजारी माझा मोठा भाऊ. दारूपायी त्याची कारखान्यातली नोकरी गेली होती. "पिऊन या घरात यायचं न्हाई," असं वहिनीने बजावल्यावर तो नवलाख उंबरे गावाहून माझ्याकडे राहायला आला होता.

चित्रपटाची गोष्ट साधी होती. एक माणूस रोज पिऊन येतो, बायको पाया पडून रडते. एके दिवशी त्याची लहानगी मुलगी खेळता खेळता बापासारख्या झोकांड्या खात चालते. तो बघतो, कपाळाला हात लावतो आणि बाटली भिंतीवर फोडतो. लगेच पुढच्या दृश्यात तिघंही बागेत हसत बसलेली.

"मधी काय झालं?" दादाने विचारलं.

"कुठे?"

"बाटली फोडली आन् लगीच बागंत? मधलं कुटंय?"

"दादा, छोटा चित्रपट आहे. तेवढंच दाखवलंय."

त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले होते, थरथर दिसू नये म्हणून. मग म्हणाला, "उद्या डाक्टरकडं जातो. पर तू सोबत ये."

डॉक्टरांनी घरच्या घरी दारू एकदम बंद करायला मनाई केली आणि त्याला दाखल करून घेतलं. पहिले काही दिवस त्याला भिंतीवर किडे दिसायचे, घामाने चादर भिजायची. मला तो ओळखायचा, पण मध्येच आईला हाका मारायचा. मी शाळा सुटली की जाऊन बसायचे. वहिनी रोज यायची. ती एकदाही रडली नाही. तिने डॉक्टरांकडून गोळ्यांची माहिती नीट समजून घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "गोळी मी माझ्या हातानं दीन. पर बाटली तुमची तुमालाच सोडायची हाय."

दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर तो एका चिक्कीच्या दुकानामागच्या कारखान्यात लागला. गरम पाक लाटायचं काम. तिथे हात स्थिर लागतात. सुरुवातीला त्याची चिक्की एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ व्हायची. मालक बोलायचा, दादा ऐकून घ्यायचा आणि पुन्हा लाटायचा.

आणि मग चुलतभावाच्या हळदीत तो प्यायला.

मी इतकी चिडले की त्याच्याशी बोलणंच टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दारात उभा. अंगावर हळदीचे डाग, डोळे लाल.

"आता वरडू नको," तो म्हणाला. "मागं मी पडलो की पडूनच ऱ्हायचो. आज उठून आलोय. दवाखान्यात चल."

मी वहिनीला फोन केला. मला वाटलं, आता ती हात टेकणार. ती म्हणाली, "त्यास्नी चहा द्या. मी निघालेच."

पुन्हा डॉक्टर, पुन्हा गोळ्या. या वेळी तो दर आठवड्याला दारू सोडलेल्यांच्या बैठकीलाही जाऊ लागला. तिथे काय बोलतो ते त्याने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कामावरून येताना दारूच्या दुकानाचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने यायचा. पावसात भिजून यायचा, पण वाट बदलली नाही. पुढे वहिनीने त्याला घरी यायला सांगितलं.

यंदा गावच्या जत्रेला मटणाच्या पंगतीआधी एका जुन्या मित्राने त्याच्यापुढे ग्लास धरला. "आरं, आजच्या दिस तरी!"

मी जागची उठणार होते. वहिनीने हात धरून मला खाली बसवलं.

"मी घेत न्हाई," दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ग्लास परत देऊन वाढपी होऊन उठला आणि रस्स्याचं भांडं घेऊन पंगतीत शिरला.