तोच शॉट, नऊ वेळा

अशा गूढ अनुभवांच्या सदरातले किस्से मी आजवर हसतच वाचले… फिजिक्स घेऊन बीएस्सी झालोय, उचगावच्या आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. तरीही हे लिहितोय, कारण मनातून जात नाही.

गेल्या वर्षी शिवाजी पेठेतल्या एका क्लबात निमंत्रित व्यावसायिक खेळाडूंची स्नूकर स्पर्धा होती. रेफरीचं काम मला मगदूम सरांनी शिकवलं. त्यांनी शब्द टाकला म्हणूनच मला त्यातला एक सामना मिळाला. रविवारची सकाळ. पहिल्या मजल्यावरचा हॉल, पडदे ओढलेले, एकच दार – तेही खेळ चालू असताना बंद.

शेवटची फ्रेम, म्हणजे निकालाचा डाव. निपाणीच्या प्रवीणनं पांढरा बॉल काळ्याच्या आड असा नेऊन ठेवला की समोरच्या घाटगेंना लाल बॉल सरळ दिसेना. घाटगेंनी सोपा मार्ग सोडून भलताच शॉट मारला, लाल लागला नाही. अशा वेळी रेफरीनं ‘फाऊल अँड अ मिस’ म्हणायचं, समोरच्याला हवं असेल तर बॉल होते तिथं परत ठेवायचे आणि चुकलेल्यानं तोच शॉट पुन्हा खेळायचा. मी तसं केलं. फलकावर प्रवीणचे चार गुण वाढले.

“पांढरा जरा डावीकडं होता की ओ,” घाटगे म्हणाले.

“बरोबर हाय, असू दे,” प्रवीण.

मागं कोणीतरी शिंकलं. “पावणं, बाहेर जाऊन शिंका की,” शेजारचा म्हणाला. दोघंतिघं हसले.

घाटगेंनी पुन्हा चुकवला. मी पुन्हा मिस दिला, बॉल ठेवले.

“पांढरा जरा डावीकडं होता की ओ.”

“बरोबर हाय, असू दे.”

शिंक. पावणं. हसू.

वाटलं, चेष्टा करताहेत. पण फलकावर आता आठ वाढायला हवे होते, चारच वाढले होते. घड्याळात अकरा चाळीस… तिसऱ्यांदाही अकरा चाळीसच.

मी प्रेक्षकांत बसलेल्या मगदूम सरांकडं गेलो. “सर, दोन मिनिटं बाहेर जाऊ?”

“फ्रेम संपू दे रे.”

पुढच्या खेपेला सर तेच म्हणाले, त्याच आवाजात. एकदा मुद्दाम पांढरा वीतभर लांब ठेवला. घाटगे तेच बोलले. एकदा सरळ दारापाशी गेलो. कडी हाताला लागत होती, सरकत नव्हती. शर्ट घामानं पाठीला चिकटला. वाटलं, घरी कळणारसुद्धा नाही मी कुठं आहे…

नवव्यांदा घाटगेंनी चुकवला. मिसच होता, मला तिळमात्र शंका नव्हती. मी म्हणालो, “फाऊल.” एवढंच.

मिनिटकाटा सरकला. कोणी शिंकलं नाही.

पांढरा जाऊन टेबलाच्या कडेला, कुशनला चिकटला होता. मिस न मिळाल्यानं बॉल परत ठेवता येईनात, तिथूनच खेळायची पाळी आली आणि प्रवीण अडचणीत आला. फ्रेम गेली, सामना गेला.

“रेफरी, तो मिस न्हवता व्हय?” त्यानं शांतपणे विचारलं. मी पेन शोधत राहिलो.

जिन्यात मगदूम सर म्हणाले, “पहिला दिलास, दुसऱ्याला काय झालं रे तुला?”

दुसऱ्याला. म्हणजे त्यांनी दोनच शॉट पाहिले होते. क्लबच्या व्हिडिओतही दोनच आहेत.

पुढच्या महिन्यात निपाणीला जाऊन प्रवीणची माफी मागितली. “माझी चूक झाली,” म्हणालो. “हुतंय ओ,” म्हणत त्यानं चहा पाजला.

त्या हॉलमध्ये काय घडलं, मला आजही सांगता येत नाही. पण ती चूक नव्हती. नियम मला पाठ होता, मला फक्त बाहेर पडायचं होतं… आणि हे प्रवीणला मी अजून सांगितलेलं नाही.