ऑपरेशनआधीचा सलाम

“परफोरेशन,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्या नवऱ्याला समजावलं, “टायफॉइडनं आतड्याला भोक पडलंय. घाण पोटात पसरतेय. आत्ताच ऑपरेशन. वाचतील का, सांगता येत नाही.”

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दवाखान्याची पाटी कोरी करकरीत, पाणी मात्र टँकरचं.

ताप कुठून आला हे मला पक्कं ठाऊक होतं. रेणापूरजवळच्या आमच्या गावात विहीर दोन घरांची सामायिक. दुष्काळात पाणी तळाला गेलं, तसा थोरल्या जाऊबाईंनी रहाटाचा दोर काढून घरात ठेवला. आम्ही नदीत खड्डा खणून गढूळ पाणी प्यायलो. तेव्हापासून अबोला.

आणि आता त्याच माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या! माझा जळफळाट झाला.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत खायची भाकर घेऊन आले. आमच्या मंडळीत रीत आहे. अबोला असेल तर आधी हात धरून एकमेकांना सलाम करायचा, मनातलं मिटवायचं, मगच भाकर.

“कोणाशी अबोला हाय का, बाई?” त्यांनी विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं.

मी तोंड फिरवलं. माफी न मागणाऱ्या बाईला मी का सलाम करू? पण भाकरीशिवाय मरायची भीतीही वाटत होती.

तेवढ्यात नर्स ओरडली, “तोंडानं काही द्यायचं न्हाई!”

मला सुटल्यासारखं वाटलं. भाकर नाही, म्हणजे सलामही नाही.

पाळकसाहेबांनी भाकर रुमालात गुंडाळली. “आत काही जायला नको,” ते हळूच म्हणाले, “शब्द बाहेर यायला डॉक्टरांची मनाई न्हाई.”

स्ट्रेचर आलं. पोट दगडासारखं झालं होतं. मी हात पुढे केला.

“सलाम, अक्का. मी माफ केलं.”

“मी काय केलंय माफ करायला?” जाऊबाई म्हणाल्या. पण हात धरला. त्यांचा तळवा घामानं भिजला होता.

देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेनं मी वाचले. जाऊबाई आजवर ‘चुकलं’ म्हणालेल्या नाहीत. मला राग अजून येतो, मग मी पुन्हा माफ करते. तुमच्यावर अशी वेळ आली तर समोरच्याच्या माफीची वाट बघत बसू नका.

ऑपरेशनआधी कितीतरी महिने जाऊबाई माझ्या मनातून हलल्या नव्हत्या, अगदी प्रार्थनेतसुद्धा. त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं तेव्हा त्या दाराबाहेर राहिल्या, मनाबाहेरही, आणि मी डोळे मिटून फक्त देवाशी बोलले.