बैठकीतला कापूस

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून दोनच प्रकारचे लोक येत. एक पत्रकार, दुसरे मुलगी पाहायला येणारे. पत्रकार आर्णीहून जीप करून गावात शिरत आणि बाबांना विचारत, कसं चाललंय. बाबा म्हणत, बरं हाय. मग ते जरा हिरमुसून पुढच्या घरी जात. मुलगी पाहायला येणारे मात्र आमच्याकडे येऊच शकत नव्हते, कारण त्यांना बसवायला जागा नव्हती. बैठकीच्या खोलीत कापूस होता.

यात नवीन काही नव्हतं. वेचलेला कापूस लगेच विकायचा नाही, भाव चढेपर्यंत घरात भरून ठेवायचा, ही गावाचीच रीत. दिवाळीनंतर पलंग आणि खुर्च्या बाहेर निघत आणि खोली आढ्यापर्यंत पांढरी होई. घरात सगळ्यांच्या अंगाला खाज सुटे, त्याबद्दल कोणी तक्रार करत नसे. विकायचं कधी, ते बाबा ठरवत. भावाचा अंदाज ही त्यांची एकुलती एक मिजास होती. एरवी साधा माणूस. पण भाव हलायला लागला की चहाच्या टपरीवर चार लोक त्यांना विचारायला येत, आणि तेव्हा ते चहा फार हळू पीत.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून घरी परतले होते. आर्णीच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवत होते, म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी आली तर रामराम. पुण्याच्या एका संस्थेनं पीएच.डी.साठी अर्ज मागवले होते. कागद जानेवारी संपायच्या आत पोचायला हवे होते. भारनियमनाची वेळ सांभाळून मी सायबर कॅफेतून अर्ज छापून आणला. मार्कशीट होत्या, सरांचं शिफारसपत्र होतं. फक्त एक पान कोरं होतं. तुम्हाला संशोधन का करायचं आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा, असं त्यावर छापलं होतं.

नेमकं हेच आई विचारत होती. फक्त तिचं एका शब्दात होतं. काहून?

खरं सांगायचं तर मलाच ते माहीत नव्हतं. मुलगी हुशार आहे म्हणून लोक पुढं शीक म्हणत गेले आणि मी शिकत गेले. आता भीती अशी होती, की आपल्याला भौतिकशास्त्र हवंय की फक्त लग्न नकोय? नुसतं लग्नच नको असेल, तर त्यासाठी पाच वर्षं अंधाऱ्या खोलीत लेसरसमोर बसणं जरा जास्तच होतं. पान लिहायला घेतलं की विश्वाचं गूढ, ज्ञानाची तहान, असलं काहीतरी उतरे. वाचून माझी मलाच लाज वाटे. आमच्या गावात तहान मार्चनंतर लागते आणि ती पाण्याची असते.

इकडे ढाणकीची आत्या, बाबांची मोठी बहीण, स्थळांमागून स्थळं आणत होती. त्यातलं एक तिनं धरूनच ठेवलं होतं. जिल्हा परिषदेचा मास्तर, पक्की नोकरी. एम.एस्सी.पर्यंत चालेल म्हणाले होते, पुढं नाही. नाकापेक्षा मोती जड होऊन राह्यला, असं आत्याचं माझ्या शिक्षणाबद्दलचं मत होतं आणि ते तिनं मला, आईला आणि शेजारणीलाही सांगून झालं होतं. बाबांनी नुसतं कापसाकडे बोट दाखवलं. आत्या म्हणाली, आंगणात खुर्च्या टाकू. पाव्हण्यांना आंगणात बसवणारं आपलं घराणं नाही, असं बाबा म्हणाले. आपल्याला घराणं आहे हे मला तेव्हाच कळलं.

म्हणजे खोली भरलेली असेतोवर मी मोकळी. भाव असाच पडून राहो, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. व्यापारी सोडले तर जिल्ह्यात असं म्हणणारी मी एकटीच असेन.

संक्रांत झाली आणि भाव चढला. दारोदार गाड्या लागल्या, लोकांच्या बैठका मोकळ्या झाल्या, पलंग आत गेले. बाबा आर्णीला जाऊन भाव पाहून आले, जेवले आणि आडवे झाले. दुसऱ्या दिवशीही तेच. आई भांडी जरा जोरात ठेवू लागली. अजून किती चढायची वाट पाहता, असं तिनं विचारलं तर म्हणाले, पाहू. मग एका सकाळी शेजारच्या काकांनी मला कुंपणाशी थांबवलं. तुझे बाबा आम्हाला म्हणतात विकून टाका, आता उतरणार, आणि स्वतः मात्र थांबले, ही काय भानगड आहे, असं ते विचारत होते.

घरात आले तर बाबा बैठकीच्या दारात उभे होते. बाहेर सांडलेला कापूस पायानं आत लोटत होते. मी सरळच विचारलं, काहून थांबले?

"तुहा कागद गेला का?" ते म्हणाले.

"नाही."

"मंग? खोली खाली झाली का तुही आत्या पाव्हणे घेऊन येते. मोठी हाय ते. माह्याच्यानं तिले नाही म्हननं होत नाही. कापसाच्यानं होते."

मी म्हटलं, मला जायचं आहे की नाही, तेच अजून ठरलं नाही. बाबांनी मूठभर कापूस उचलला, दाबून पाहिला आणि परत ढिगावर टाकला.

"ठरव. नाही जायचं तं नको जाऊ. पन लवकर ठरव. सुकून राह्यला हा, वजन घटते."

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. इतके दिवस मी माझं ठरवत नव्हते ते फुकटात, अशी माझी समजूत होती.

ते पान घेऊन मी बैठकीतच गेले आणि ढिगाला टेकून बसले. पेन शोधताना खालचा कापूस ओढला गेला. मूठभर हातात आला, बाकीचा ढीग जागचा हलला नाही. दुसरीकडून ओढला, तर वरचा सगळा अंगावर आला. लहानपणापासून हे पाहत होते. कुठून ओढला तर काय होईल, हे एम.एस्सी. होऊनही मला सांगता येत नव्हतं. आणि ते सांगता यावं, असं मला फार वाटत होतं, मास्तर असो वा नसो. मी तेवढंच लिहिलं. आमच्या बैठकीत कापूस आहे, इथून सुरुवात केली. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी आर्णीहून स्पीड पोस्ट केलं आणि घरी येऊन सांगितलं, गेला. बाबांनी चप्पल घातली आणि गाडी सांगायला गेले. तोवर भाव धाडकन उतरला होता. खोली रिकामी झाली, आईनं ती धुतली आणि बरेच दिवस बाबांशी बेतानंच बोलली. आत्या आली, तेव्हा बाबांनी तिला खुर्चीवर बसवून सांगितलं, की पोरीचा कागद गेला आहे, उत्तर येऊ दे. उत्तराला वेळ लागला. मास्तरांनी तेवढ्यात दुसरीकडे जमवलं.

पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीत तिघांनी मला कापसाबद्दलच विचारलं आणि घेतलं.

निघायच्या दिवशी बाबा मला आर्णीच्या स्टँडवर सोडायला आले. बस यायची होती म्हणून टपरीवर थांबलो. तिथे गावातले नेहमीचे लोक होते. त्यांनी बाबांची फिरकी घ्यायला सुरुवात केली. साऱ्या गावाला विकायला लावलं आणि स्वतःच फसले, राजेहो, हे झालं कसं? मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"अंदाज चुकला माहा," बाबा म्हणाले. चहा त्यांनी दोन घोटांत संपवला आणि माझी पेटी उचलली.