खुर्चीच्या जागी

"खुर्ची आत ने. उन्हानं प्लास्टिक तडकतं. हा उभा राहील तिथं."

शेठ माझ्याकडं न बघता बोलले. दुकानातल्या माणसानं लाल खुर्ची उचलली आणि आत नेली. खुर्चीचे पाय टेकले होते तिथं धुळीत चार गोल उमटले होते. मी त्या चार गोलांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

एक जून. अकरा वाजून पन्नास मिनिटं. सोलापुरात त्या दिवशी ऊन त्रेचाळीसच्या वर होतं.

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो. अंगात ठेकेदारानं दिलेलं पोपटी जाकीट, गळ्यात शिट्टी, खिशात खडू. त्याआधी बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात होतो, पॅकिंगला. डझन मोजायचे, गठ्ठा बांधायचा. कारखाना बंद पडला. मग नवी पेठेतल्या एका गल्लीत गाड्या लावून घ्यायचं हे काम मिळालं. घरात आई, बायको, दोन मुली. काम सोडण्यासारखं नव्हतं.

मी उभा होतो ती दुकानापुढची जागा वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. टेपनं मी स्वतः मोजलेली आहे. चारी बाजूंनी पिवळा पट्टा. ती मालाच्या टेम्पोंसाठी आहे. टेम्पो यायचा, हमालांनी गठ्ठे उतरवायचे, वीस मिनिटांत निघायचं. तशी पाटीसुद्धा आहे. पाटीवर शेठच्या साड्यांच्या दुकानाचा 'सेल'चा कापडी फलक बांधलेला असतो, त्यामुळं ती वाचता येत नाही. त्या जागेत शेठची लाल खुर्ची ठेवलेली असायची. मोठं गिऱ्हाईक आलं की खुर्ची उचलायची आणि त्याची गाडी तिथं लावायची. गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. दोन वर्षं मी त्या खुर्चीला वळसा घालून जात होतो.

त्या दिवशी खुर्चीच्या जागी मी का गेलो, ते सांगायला सकाळपासून सुरुवात करावी लागेल.

गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या तर मधून सायकल जात नाही. म्हणून विषम तारखेला गाड्या शेठच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या बाजूला आणि सम तारखेला दुकानाच्या बाजूला लावायच्या. रोज बाजू बदलते. त्यामुळं लोक तारीख बघत नाहीत. काल कुठं लावली होती ते आठवतात आणि आज त्याच्या उलट लावतात. हे बरोबर येतं, पण वर्षातून सात वेळा चुकतं. महिना एकतीस दिवसांचा असला की दुसऱ्या दिवशी एक तारीख. दोन्ही विषम. बाजू बदलत नाही. लीप वर्षात आठ वेळा. त्या सात-आठ दिवशी सकाळी अर्धी गल्ली चुकीच्या बाजूला लागलेली असते आणि मी शिट्टी फुंकत फिरत असतो.

एक जूनला शेठची पांढरी गाडी दुकानाच्या बाजूला उभी होती. शेठ पायरीवरच होते. मी म्हणालो, "शेठ, गाडी समोर घ्यावी लागंल."

"काल समोर होती. आज इकडं."

"काल एकतीस. आज एक. दोन्ही विषम हायत. आज बी समोरच."

शेठनं बोटांवर काहीतरी मोजलं. आत गादीवर साड्या बघत बसलेल्या दोन बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "शेठ, शाळेत जावा की परत!"

शेठपण हसले. ड्रायव्हरला हाक मारली, गाडी समोर गेली. मला वाटलं, संपलं.

दीड तासानं आमच्या सुपरवायझरचा फोन आला. "शेठ काय सांगतील ते कर. वाद नको." मी दुकानापाशी गेलो. शेठ म्हणाले, "ये तारीखवाल्या. हिशोब चांगला येतो तुला. आता जागा धर. अक्कलकोटची बस्त्याची पार्टी येतीय, दोन्ही घरची माणसं हायत, दोन गाड्या. ते येईपर्यंत हलायचं नाही."

"शेठ, ही जागा टेम्पोची हाय."

"गाव कुठलं तुझं?"

"सांगोल्याकडं."

"घरी काय?"

"वडलांची मेंढरं होती."

"मग झालं की! बापानं उन्हात मेंढरं राखली, तू जागा राख. सवय असंल अंगाला."

पायरीवर चार माणसं होती. चौघंही हसली. मग शेठनं खुर्ची आत न्यायला सांगितलं.

मला राग आला नाही. खरं तेच लिहितोय. काहीच आलं नाही. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं. मी मोजत राहिलो. मला दुसरं काही येत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत एकशे सहा दुचाकी गेल्या. सतरा रिक्षा. चपलेचा तळ गरम झाला म्हणून एक पाय उचलायचो, मग दुसरा. काचेच्या आत ती खुर्ची दिसत होती. पंख्याखाली ठेवली होती. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

पहिला टेम्पो आला. मी हातानं पुढं काढला. दुसरा आला, तोही पुढं काढला. ड्रायव्हरनं शिवी दिली. मी शिट्टी वाजवली.

तिसरा टेम्पो शेजारच्या चादरीच्या दुकानाचा. त्याच्या मागं अंबादास उभा होता. अंबादास हमाल, माझ्याच वयाचा. पूर्वी यंत्रमागावर कामाला होता. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी सोलापुरी मराठी. दोन वर्षांत आमचा रोजचा चहा एकत्र. टेम्पोतूनच तो ओरडला, "अण्णा, सरका की जरा! सोळा गठ्ठे हायत."

"जागा धरायला सांगितलंय."

"जागा तुमी धरलाव का जागेनं तुमाला धरलंय?" तो हसला. मी हसलो नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "बरं ऱ्हाऊ दे. कोपऱ्यावर लावतो."

कोपरा तिथून एकशे नव्वद पावलं. मी रोज चालतो, म्हणून माहीत आहे. गठ्ठा चाळीस किलोचा. तो डोक्यावर घेऊन तो माझ्यासमोरून जायचा आणि मोकळा परत यायचा. चौथ्या गठ्ठ्यापर्यंत जाताना काहीतरी बोलायचा. पाचव्यापासून बोलणं बंद झालं. मानेची शीर दोरीसारखी वर आली होती.

नववा गठ्ठा. बारा वाजून पस्तीस मिनिटं. कोपऱ्यावरून एक मोटारसायकल आत वळली. अंबादासला डोक्यावरच्या ओझ्यामुळं बाजूला बघता आलं नाही. धक्का मांडीला लागला. तो बसल्यासारखा खाली गेला आणि गठ्ठा त्याच्या उजव्या पायावर आला.

मी बघत होतो. मध्ये कुणी नव्हतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. माझा डावा पाय पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर पडला.

मी तो परत आत घेतला.

आत घेतला आणि शिट्टी वाजवली. गाड्या थांबवायला वाजवली असं नंतर मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. हाताला आणि तोंडाला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून वाजवली. दोन दुकानदार आणि एक भेळवाला धावले. त्यांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. रिक्षा माझ्यासमोरूनच गेली. आत अंबादासचं डोकं एका बाजूला कललेलं होतं. डोळे उघडे होते. माझ्याकडं होते.

एक वाजून पाच मिनिटांनी पार्टी आली. पहिली गाडी मी पट्ट्यात घेतली, दुसरी समोर लावली. माणसं आत गेली. त्यांच्यासाठी काचेच्या ग्लासांत सरबत आलं. शेठ बाहेर आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "शाबास. खुर्चीपेक्षा बरा हायस. एवढी बोंबाबोंब झाली, पण हललास नाहीस."

मग आत वळून सांगितलं, "ह्याला पाणी द्या. प्लास्टिकच्या ग्लासात द्या."

मी पाणी प्यालो. ग्लास चुरगाळून खिशात घातला, कारण रस्त्यावर टाकायचा नाही हा पण माझ्याच कामाचा नियम.

घरी बायको म्हणाली, "पाय सुजलेत की."

"उभा होतो."

"रोजच उभे असता."

जेवलो. झोपलो. दुसऱ्या दिवशी सम तारीख होती. गाड्या दुकानाच्या बाजूला लावून घेतल्या. खुर्ची पट्ट्यात परत आली होती. मी वळसा घालून गेलो.

चौथ्या दिवशी अंबादासच्या घरी गेलो. पूर्व भागात एक खोली, पुढं पत्र्याचं छप्पर. त्याची बायको दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. ती उठली नाही, पण सरकून वाट दिली. अंबादासचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला.

"या अण्णा. बसा. चा ठेव गं."

"दुखतंय का?"

"रात्री लई. दिवसा बरं असतंय." मग प्लास्टरकडं बघत तो म्हणाला, "तुमी तितं उभे होता की. मी बघितलो."

"व्हय."

"मला वाटलं, तुमी येताल."

एवढंच. आवाजात तक्रार नव्हती. बस चुकली म्हणून सांगावं तसं सांगितलं. मग त्यानं माझ्या मुलीच्या बारावीचं विचारलं. मी चहा प्यालो. चहाला चव नव्हती, की माझ्या तोंडाला नव्हती, सांगता येणार नाही.

चालत परत आलो. वाटेत वडील आठवले. ते रोज संध्याकाळी मेंढरं मोजायचे, जोडीजोडीनं, काठीच्या टोकानं. एकशे चौदा होती. पण ऊन चढलं की ते कळप बाभळीखाली घ्यायचे. दोन-दोन तास हलायचे नाहीत तिथून. मेंढरू उन्हात उभं केलेलं मी कधी बघितलं नाही. आणि एखादं लंगडलं तर ते बाकीची एकशे तेरा सोडून त्याच्याकडं जायचे. कळप पांगला तरी जायचे. आई ओरडायची. शेठला वाटलं होतं मला बापाची सवय असेल. मला नव्हती. मी पाय आत घेतला होता.

पंचाहत्तर मिनिटं मला उभं केलं, हा अपमान शेठनं केला. पण पाय आत घेतला तो शेठनं नाही. तो मी घेतला. हे मला त्या रस्त्यावर कळलं आणि तेव्हापासून ते जात नाही.

तेरा जूनला दुसऱ्या बस्त्याची पार्टी येणार होती. सव्वाबारा वाजता शेठनं पायरीवरून हाक मारली. "ए तारीखवाल्या! ये, उभा राहा. खुर्ची आत घेतो."

तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी चादरीच्या दुकानाचा टेम्पो वळला होता. मागं अंबादासच्या जागी दुसरा हमाल होता, त्याच्याहून वयस्कर.

मी पट्ट्यात गेलो. खुर्ची उचलली. दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवली. परत आलो, शिट्टी वाजवली आणि टेम्पोला आत घेतला. "ये, ये. अजून. डावीकडं. बस."

शेठ पायऱ्या उतरून खाली आले. "काय करतोस?"

"टेम्पो लावून घेतोय."

"माझी पार्टी येतीय."

"येऊ द्या. त्यांना समोर लावतो. आज तेरा, विषम हाय."

"तुला जागा धर म्हणून सांगितलं ना?"

"मागं धरली, शेठ. पंचाहत्तर मिनिटं. माणूस पडला, मी हललो नाही. आता धरणार नाही."

"कुणाशी बोलतोस कळतंय का? उद्या ह्या गल्लीत दिसणार नाहीस."

"उद्याचं उद्या. आज गठ्ठे हितंच उतरणार."

माझा आवाज चढला नव्हता. चढवता आला असता असंही वाटत नाही. पायरीवरची माणसं या वेळी हसली नाहीत. कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. हमालानं पहिला गठ्ठा पाठीवर घेतला. टेम्पोपासून दुकानापर्यंत अकरा पावलं. वीस गठ्ठे चौदा मिनिटांत उतरले.

शेठनं शब्द पाळला. संध्याकाळी सुपरवायझरनं जाकीट काढून घेतलं. बावीस दिवस घरी बसलो. बायकोला पहिल्या दिवशी सगळं सांगितलं, पाय आत घेतल्याचंसुद्धा. ती म्हणाली, "अंबादासभावजींना सांगितलं का हे?" सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. 'जाऊ दे' म्हणाला नाही. मलाही ते ऐकायचं नव्हतं. त्याचा पाय वाकडा जुळला. तो आता ओझं उचलत नाही.

माणसं मिळेनात म्हणून ठेकेदारानं मला परत घेतलं, भाजी मंडईकडच्या रस्त्यावर. जुन्या गल्लीत लाल खुर्ची पट्ट्यात आहे. मी मुद्दाम जाऊन बघितलं. तिथं नव्यानं लागलेल्या माणसाला बाजूला घेतलं, पाटीवरचा फलक वर करून पाटी वाचायला लावली आणि अंबादासचं सगळं सांगितलं. तो काय करेल मला माहीत नाही.

मी काय करणार, ते माहीत आहे. मंडईकडच्या रस्त्यावरही पिवळे पट्टे आहेत, तिथंही शेठ आहेत, जागा धर म्हणणारे आहेत. मी धरत नाही. आणि त्या रस्त्यावर कुणी पडलं तर माझा पाय पट्ट्याबाहेर पडेल. तो परत आत घेणार नाही.